कॅनोलाचं निळं बियाणं आणि उडद्या: एका हंगामाचा हिशोब

आधीच सांगून टाकतो, ब्रँडचं नाव घेणार नाही. ज्या दुकानातनं कीटकनाशक लावलेलं कॅनोलाचं बियाणं घेतलं त्यांच्याकडे आमच्या मालकाचं खातं अजून चालू आहे, आणि चूक औषधाची किती, थंडीची किती, आमची किती हे मलाच शंभर टक्के वाटून देता येत नाही. पण अख्खा हंगाम गुडघ्यावर बसून झाडं मोजलीत, म्हणून लिहितोय. आपली बरीच पोरं आता इकडे कॅनडात सास्काचेवान, अल्बर्टा, मॅनिटोबाला शेतावर कामाला यायला लागलीत, निदान त्यांच्या तरी कामाला येईल.

मी निफाड तालुक्यातला, घरी द्राक्षबाग, राहुरीहून अ‍ॅग्री केलं आणि गेली चार वर्षं सास्काचेवानमधल्या मेलफोर्टच्या बाजूला एका शेतावर आहे. साडेचार हजार एकर, गहू, कॅनोला, पिवळा वाटाणा. मालक ६८ वर्षांचा, त्याला मी सरळ नावाने हाक मारतो, इथे तसंच चालतं, पण हे घरी आबांना सांगितलं तेव्हा फोनवर पाच सेकंद शांतता होती, मग म्हणाले "निदान राव तरी लाव रे पुढं".

तर कॅनोला म्हणजे आपल्या फोडणीतल्या मोहरीची चुलत बहीण. इथल्याच शास्त्रज्ञांनी, कीथ डाउनी आणि बाल्डर स्टेफान्सन, रेपसीड या मोहरीच्या कुळातल्या तेलबियाण्यातला नको तो कडू भाग आणि इरुसिक आम्ल ब्रीडिंगनं कमी करून हे पीक बनवलं, पहिला वाण १९७४ चा, टॉवर नावाचा, आणि कॅनोला हे नाव १९७८ ला रजिस्टर झालं. आज कॅनडात २ कोटी एकरांच्या वर लागतं. आणि जिथं मोहरीचं कुळ तिथं हा किडा. इंग्रजी नाव फ्ली बीटल, पिसवासारखा उडी मारतो म्हणून. द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको, आपण ज्याला उडद्या म्हणतो, छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटायला लागले की फुगलेला डोळाच कुरतडून टाकतो तो, त्याच घराण्यातला. जात वेगळी, हा आकाराने बराच बारीक, २ ते ३ मिलिमीटर, पण खोड तीच. कोवळं दिसलं की खायचं आणि माणसाची सावली पडली की टुणकन गायब. मी पहिल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर दाखवला तर आबा लगेच म्हणाले "हा तर उडद्या, बारका का इतका, तिकडं खायला मिळत नाही का त्याला?"

मिळतं, भरपूर मिळतं. मोहरीचा जो झणझणीत वास आपल्या नाकात जातो त्याच वासावर हा लांबून येतो. थंडीभर झाडांच्या रांगेखाली, पालापाचोळ्यात, गवतात पूर्ण वाढलेला किडा म्हणूनच झोपून राहतो आणि एप्रिल-मे मध्ये ऊन लागलं की बाहेर, तेव्हा शेतात असतं काय तर आपली नुकती उगवलेली दोन पानांची रोपं. ती दोन पानं म्हणजे बीजदलं, त्यांच्यावर बारीक बारीक खड्डे पाडतो, खड्डा वाळून गळतो आणि पान बंदुकीच्या छऱ्याने भोकं पाडल्यासारखं दिसतं. वर्षाला एकच पिढी होते इथे, पण ती एक पिढी नेमकी त्या दोन-तीन आठवड्यांत येते जेव्हा झाडाकडे गमवायला काहीच नसतं. उत्तर अमेरिकेत वर्षाला ३० कोटी डॉलरच्या वर नुकसान असा आकडा सगळीकडे सांगतात, मला त्याचं विशेष काही वाटत नाही, मला आमच्या शेताची कडा दिसते.

आता प्रॉडक्ट. इथे कॅनोलाचं बियाणं कोरं मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. आपण घरी सोयाबीन ताडपत्रीवर ओतून थायरम किंवा ट्रायकोडर्मा चोळतो तसलं काही नाही, बॅग उघडली की बी आधीच रंगवलेलं, आमचं निळं होतं, चमकदार, मण्यांसारखं, खाली सांडलं तर पोरं खेळायला घेतील असलं. आपल्याकडे कपाशीचं पाकिटातलं बी औषध लावूनच येतं तोच प्रकार. त्या थरात बुरशीनाशकं असतात तीन-चार आणि एक किंवा दोन कीटकनाशकं. बॅग साधारण २२.७ किलोची म्हणजे ५० पौंडाची, बरेच वाण ७००-८०० डॉलरला जातात आणि एकरी ५ पौंड वगैरे पडतं, म्हणजे बियाण्याचाच एकरी खर्च ७०-८० डॉलर. हे सगळं त्या छोट्याशा दोन पानांवर लावलेले पैसे आहेत हे लक्षात घ्या.

बेसिक थर म्हणजे निओनिक, निओनिकोटिनॉइड नावाचा कीटकनाशकांचा गट. थायामेथोक्झाम किंवा क्लोथियानिडिन. बाजारात हेलिक्स व्हायब्रन्स, प्रॉस्पर एव्हरगॉल ही नावं ऐकाल ती याच गटातली. त्याच्यावर जास्तीचे पैसे भरून दुसरं औषध चढवून मिळतं, ल्युमिडर्म आणि फोर्टेन्झा यात सायॲन्ट्रानिलिप्रोल (थ्रिप्ससाठी फवारतो की आपण द्राक्षावर, तेच), ब्युटिओ स्टार्टमध्ये फ्लुपायराडीफ्युरॉन. यातलं आमच्या बॅगेत काय होतं ते गुलदस्त्यातच राहू द्या, एक बेसिक आणि एक अपग्रेड एवढं धरून चाला. अपग्रेडचे आम्हाला एकरी १२ डॉलर जास्त पडले.

आमच्याकडे एक शेत आहे, शाळेचं क्वार्टर म्हणतात त्याला, क्वार्टर म्हणजे चौरस मैलाचा पाव तुकडा, १६० एकर, कोपऱ्यात शंभर वर्षांपूर्वी शाळा होती म्हणे, आता फक्त एक हातपंप आणि लायलॅकची झाडं. उत्तर बाजूला अख्खी अर्धा मैल कॅरागानाच्या झुडपांची रांग, वारा अडवायला लावलेली. म्हणजे उडद्याचं हॉस्टेलच. मालकाने ठरवलं की एकाच वाणाचं बी, निम्म्या शेतात बेसिक आणि निम्म्यात अपग्रेड, बघू तरी एकदा १२ डॉलर कुठं जातात. कल्पना माझी नव्हती पण मोजायचं काम अर्थातच माझं.

८ मे ला पेरलं. मातीचं तापमान ५ अंश. मी म्हटलं जरा थांबूया का, मालक म्हणाला लवकर पेरलेला कॅनोला जुलैच्या उन्हात फुलावर सापडत नाही, आणि ते खरंच आहे, फुलोऱ्यात उष्णता आली की शेंगा गळतात, उतारा जातो. त्यात काम साडेचार हजार एकरांचं, कुठून तरी सुरू करावंच लागतं. तर सुरू केलं. चार दिवसांनी पाऊस आणि बर्फ एकत्र पडला, असला चिकचिकीत बर्फ की शेड ते पिकअप जाईपर्यंत बूट दोन किलोचे. मग आठवडाभर ढग. मी रोज चाकूने माती उकरून बघायचो, बी फुगलंय, मोड आलाय, पण वर यायचं नाव नाही. शेवटी २६ मे ला ओळी दिसायला लागल्या. पेरल्यापासून १८ दिवस.

खरी मेख आहे ती इथंच, आणि दुकानात एक शब्द कोणी बोललं नव्हतं. औषधाचं घड्याळ पेरल्या दिवसापासून चालू होतं, उगवल्या दिवसापासून नाही. ते बियाण्याच्या टरफलावर असतं, ओल लागली की विरघळायला लागतं, मातीत पसरतं, मूळ फुटलं की मूळ त्यातलं थोडं ओढून घेतं आणि रसातनं वर बीजदलांत नेतं. थोडं म्हणजे खरंच थोडं, बऱ्याच अभ्यासांत २ टक्क्यांपासून जास्तीत जास्त २० टक्क्यांपर्यंतच झाडात गेलेलं दिसतं, बाकी मातीत. आणि झाड वाढेल तसं आतलं औषधही पातळ होत जातं, मोठ्या भांड्यात तीच चिमूट मीठ. साधारण ३ ते ४ आठवडे संरक्षण असं सगळेच सांगतात, ते बरोबर आहे, पण आमचे त्यातले अडीच आठवडे बी मातीखाली झोपलेलं असतानाच गेले, म्हणजे ज्या दोन पानांसाठी पैसे भरले ती पानं बाहेर आली तेव्हा हातात उरले जेमतेम दहा दिवस. आणि झाड तीन-चार खऱ्या पानांचं झाल्याशिवाय धोका टळत नाही.

३ जूनला अचानक २७ अंश, वारा पडलेला, लख्ख ऊन. उडद्याला असलाच दिवस लागतो. दुपारी गेलो तर कॅरागानाच्या बाजूने ओळीत चालताना बुटापुढं काळे ठिपके उडायचे, तव्यावर मोहरी तडतडल्यासारखे. मी पाव चौरस मीटरची गोल रिंग घेऊन फिरतो, ती टाकायची, आतली झाडं मोजायची, प्रत्येकाचं पान किती खाल्लं ते टक्क्यात लिहायचं. पहिल्या वर्षी मी सगळीकडे ५० टक्के, ६० टक्के असं लिहीत होतो, मग कॅनोला कौन्सिल या इथल्या संस्थेचे फोटो शेजारी धरून बघितलं तेव्हा कळलं की डोळा फसवतो, भोकं पडलेलं पान दिसतं भयानक पण खरं २० टक्केच गेलेलं असतं. नियम असा की २५ टक्क्यांवर गेलं आणि किडे अजून खातायत तर फवारा, कारण तिथून ५० वर जायला एक गरम दिवस पुरतो आणि ५० ला नुकसान भरून येत नाही.

बेसिकच्या बाजूला झाडांच्या रांगेजवळ ३५ ते ४० टक्के. आत शंभर मीटर गेलो की १५-२०. अपग्रेडच्या बाजूला तीच कडा, तीच कॅरागाना, १५ ते २०, आणि आत ५-१०. म्हणजे फरक होता, डोळ्याला दिसेल असा होता, पिकअपच्या टपावर उभं राहिलं तर दोन्हींच्या मधली रेघ सुद्धा दिसत होती. ते बघून मालक काहीच बोलला नाही, टोपी काढून परत घातली, एवढंच.

पण टक्क्यांपेक्षा मला त्या दिवशी वेगळंच काहीतरी दिसलं. बेसिकच्या बाजूला काही किडे पाठीवर पडून पाय हलवत होते, निओनिक मज्जातंतूंवर काम करतं त्यामुळे असंच होतं, म्हणजे औषध अजून थोडं जिवंत होतं. अपग्रेडच्या बाजूला किडे मजेत पानावर बसलेले, मी म्हटलं हे काय, पैसे पाण्यात, पण जवळून बघितलं तर बसलेत फक्त, खात नाहीयेत. सायॲन्ट्रानिलिप्रोलच्या गटातली औषधं स्नायूंवर जातात, तोंड आधी बंद होतं, मरण नंतर येतं. तर पानावर किडा दिसला म्हणून घाबरून फवारायला धावू नका, ताजा खड्डा आहे का ते बघा, हिरवट ओला कडा असलेला म्हणजे ताजा, तपकिरी कोरडा म्हणजे जुना. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, कुठलंही बियाण्यावरचं औषध असलं तरी किड्याला आधी चावावं लागतं. चावल्याशिवाय मरत नाही. हजार किडे आले आणि प्रत्येकाने एकच घास घेतला तरी दोन पानांचं झाड संपलं, त्यात औषधाची चूक नाही.

दुसरं म्हणजे किडा कोणता. दोन जाती आहेत मुख्य. एक पूर्ण काळी, निळसर चमक असलेली, आणि एक काळीच पण पाठीवर दोन पिवळे पट्टे असलेली. पट्टेवाली लवकर उठते, काळीच्या आधी एक ते चार आठवडे, आणि निओनिकचा तिच्यावर काळीइतका परिणाम होत नाही, हे इथल्या संशोधकांनी पंधरा वर्षांपूर्वीच दाखवलंय. आमच्या भागात, उत्तरेच्या झाडीवाल्या पट्ट्यात, पट्टेवालीच जास्त. आता लवकर पेरायचं, त्यात थंडीत उगवायला उशीर, त्यात लवकर उठणारी पट्टेवाली, त्यात बेसिक निओनिक, सगळी गणितं एकाच बाजूला. पिवळे चिकट सापळे आपल्या बागेत लावतो तसे इथे शेताच्या कडेला लावले की कोण आलंय ते कळतं, दहा मिनिटांचं काम आहे, आम्ही त्या आधी कधी केलं नव्हतं कारण मालकाच्या मते "बीटल इज बीटल".

४ जूनला संध्याकाळी बेसिकच्या बाजूला कडेचा ६० मीटरचा पट्टा फवारला. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक. दुपारी नाही फवारायचं कारण २५ अंशाच्या वर ही औषधं ढिली पडतात. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि थंडी परत आली, मला वाटलं सुटलो, पण वाऱ्यात उडद्या पानावरून खाली उतरतो आणि देठ कुरतडतो, पानं वरून छान दिसतात आणि दोन दिवसांनी झाड मोडून पडतं. हे मी पहिल्यांदा बघितलं. वाकून प्रत्येक देठाला बोट लावून बघावं लागलं, थंडीत, नाक गळत असताना, आणि त्याच वेळी घरून फोन, "काय रे, एसी लावलाय का तिकडं?"

शेवटी मोजलं तेव्हा बेसिकच्या कडेला चौरस फुटात ३ झाडं राहिली, अपग्रेडच्या कडेला ५. इथे ५ ते ८ झाडं असावीत असं सांगतात, ४ च्या खाली गेलं की प्रश्न. ३ ला दुबार पेरायचं का यावर जेवणाच्या टेबलावर दोन दिवस चर्चा झाली आणि नाही पेरलं, कॅनोला फांद्या करून जागा भरतो बऱ्यापैकी. भरली पण. फक्त जुलैत आतलं सगळं शेत फुलं गाळून शेंगांवर आलं तेव्हा कडा अजून पिवळीधम्मक, आणि ऑगस्टच्या शेवटी आतलं कापायला तयार आणि कडा हिरवी. कापणीला उशीर केला तर आतल्या शेंगा तडकणार, लवकर केली तर कडेचं हिरवं बी, त्याचा भाव कापला जातो. ही जी कटकट आहे ना ती कुठल्याही तक्त्यात धरत नाहीत. उताऱ्यात निम्म्या-निम्म्या शेतात एकरी २ बुशेलच्या (कॅनोलाचं एक बुशेल म्हणजे ५० पौंड) आसपास फरक आला, कम्बाइनच्या मॉनिटरवर, जो मालकाच्या मते हवामान खात्याइतकाच खरा.

आता खरी गंमत. आमचं दुसरं शेत, दोन मैलांवर, २१ मे ला पेरलं. माती १२ अंश. तिथे फक्त बेसिक, एक डॉलर जास्तीचा नाही. आठव्या दिवशी वर. गव्हाच्या धसकटात पेरलेलं, म्हणजे न नांगरलेली जमीन, उभ्या काड्यांच्या मध्ये उडद्या जरा कमी येतो हे इथे सगळ्यांना माहितीये. उगवल्यावर औषधाचे अजून तीन आठवडे शिल्लक, गरमीमुळे झाड पण पळत सुटलं, बारा दिवसांत दोन खरी पानं. नुकसान सगळीकडे १० टक्क्यांच्या आत. फवारणी शून्य. म्हणजे एकरी १२ डॉलर जास्त भरलेलं थंड मातीतलं बियाणं आणि काही न भरलेलं गरम मातीतलं बियाणं, यात दुसरं जिंकलं. कोणी म्हणेल की शेत वेगळं, झाडांची रांग नव्हती, बरोबर आहे, मी काही विद्यापीठाचा प्रयोग केलेला नाही. पण मी डोळ्याने बघितलं ते हे.

दुकानाबद्दल. माल वेळेवर आला, बॅगा कोरड्या, लेबल व्यवस्थित, उगवण टक्का लिहिलेला, हे सगळं नीट. पण फेब्रुवारीत ऑर्डर घेताना तिथला माणूस म्हणाला होता "अख्खा महिना निवांत झोपा". मी जूनमध्ये फोन करून विचारलं महिना कधीपासून मोजायचा, तर आधी म्हणाला उगवल्यापासून, मग म्हणाला थांब बघून सांगतो, आणि दोन दिवसांनी मेसेज, पेरल्यापासून. अरे, हे विकणाऱ्याला तोंडपाठ पाहिजे. निफाडच्या कृषी सेवा केंद्रातला पोऱ्या सुद्धा "दादा, याचा वेटिंग पिरियड इतका" हे विचारायच्या आधी सांगतो, निदान आमच्या इथला तरी. दुसरी तक्रार, शेत बघायला या म्हटलं तर आले नवव्या दिवशी, तोपर्यंत ज्याला खायचं ते खाऊन झालं होतं. बियाणं जास्त टाका म्हणजे आपोआप नुकसान वाटलं जाईल असाही सल्ला दिला, तो चुकीचा नाही, झाडं जास्त असली की प्रत्येकावर किडे कमी, पण हे सांगणारा बियाणंच विकतो हेही खरं.

हाताळणीचं एक सांगायचं राहिलं. हे बी रंगवलेलं असतं ते उगाच नाही, चुकून तेलाला किंवा जनावरांना जाऊ नये म्हणून. पेरणी यंत्राचा टँक भरताना खाली सांडलेलं आम्ही फावड्याने गोळा करून मातीत पुरतो, उघडं ठेवलं की पक्षी येतात. मी नायट्राइलचे हातमोजे घालतो तरी संध्याकाळी मनगटाला निळी रेघ असतेच, आणि पहिल्या वर्षी मी मोजे न घालता दोन दिवस टँकमध्ये हात घातला होता, काही झालं नाही पण करू नका. एवढं मात्र कबूल करावं लागेल की पाठीवर पंप घेऊन औषधाच्या ढगात चालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. २०१७ ला यवतमाळात फवारणीने काय झालं ते आपल्यापैकी कोण विसरलंय.

म्हणून ते एकदम निर्मळ आहे असंही नाही. मालकाच्या बापाच्या काळात कॅनोलावर लिंडेन लावायचे. लिंडेन म्हणजे आपल्या बीएचसी पावडरमधलाच मुख्य विषारी भाग, आबा हुमणीसाठी शेतात हाताने उधळायचे ती पांढरी पावडर, वास अजून आठवतो, भारतात ती १९९७ ला बंद झाली. इथे कॅनोलावरचं लिंडेन २००१ च्या सुमारास थांबलं आणि २००९ ला घातक रसायनांवरच्या जागतिक स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. त्याच्या जागी निओनिक आलं आणि सगळे खूश, मग कळलं की जे ८० टक्के किंवा त्याहून जास्त झाडात जात नाही ते कुठेतरी जातंच की. इथे शेताशेतात छोटी तळी असतात, बदकांची, सास्काचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की त्या तळ्यांत निओनिक सापडतं, पेरणीच्या आधीच्या वसंतात सुद्धा, म्हणजे मागच्या वर्षांचं. आमच्या शाळेच्या क्वार्टरमध्ये पण असं एक तळं आहे, मी जेवायला तिथे बसतो. युरोपने २०१३ ला फुलावर येणाऱ्या पिकांवरचं बंद केलं आणि २०१८ ला उघड्या शेतात पूर्णच, मधमाश्यांसाठी, कॅनडाने २०२१ ला परत तपासणी करून कॅनोलाच्या बियाण्यावर चालू ठेवलं. इंग्लंडमध्ये रेपसीडचं क्षेत्र त्यानंतर निम्म्याच्या खाली गेलं, त्यांचा उडद्या वेगळा, अळी देठातच शिरते, पण तिथला शेतकरी वैतागून पीकच सोडतोय. कोण बरोबर मला सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या शेतापुरती खरी बोलतायत.

रेटिंग द्यायचंच झालं तर बेसिकला ५ पैकी साडेतीन, गरम मातीत पेरणार असाल तर चार. अपग्रेडला चार, पण सगळीकडे नको. दुकानाच्या सल्ल्याला दोन.

यंदाची ऑर्डर आम्ही अशी दिलीये. शाळेचं क्वार्टर आणि झाडीला लागून असलेली अजून दोन शेतं, तिथे अपग्रेड. बाकी सगळीकडे बेसिक. पेरणी गव्हापासून सुरू करायची, तो थंडी सोसतो, कॅनोलाला माती निदान ८-१० अंश झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मालकाने हे मान्य केलंय पण १ मे ला ऊन पडलं की त्याचा हात ट्रॅक्टरच्या चावीकडे जातो हे मला माहितीये, म्हणून मातीत खुपसायचा थर्मामीटर मी त्याच्या पिकअपच्या डॅशवर ठेवून दिलाय. चिकट सापळ्यांचं पाकीट पण मागवलं, २० चं, आबा म्हणाले निफाडहून पाठवू का, इकडं स्वस्त मिळतात.